जानेवारीत वेल्सचे डोंगर: सहा जण, तीन दिवस, बर्फाचा सराव नाही

पायवाट६

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण वेल्सला जातोय. दिवसाला पंधरा किलोमीटर आणि हजार मीटर चढाई सगळ्यांना जमते, पाऊस-चिखलाचं कोणाला वावडं नाही. बर्फावर मात्र एकही जण कधी चाललेला नाही. कार्डिफला भाड्याची गाडी घ्यायची आणि तिथेच परत द्यायची. कच्चा बेत असा:

शुक्रवार: पेन वाय फॅन, उतरून संध्याकाळीच गाडीने उत्तरेला, बेटस-अ-कोइडला मुक्काम.
शनिवार: पेन-अ-पासहून पिग ट्रॅकने स्नोडन, मायनर्स ट्रॅकने खाली.
रविवार: लिन इदवाल तळ्याला फेरी आणि परत कार्डिफ.

मायक्रोस्पाइक्सवर, म्हणजे बुटावर चढवायच्या छोट्या खिळ्यांवर, भागेल की लांब दातांचे क्रॅम्पॉन घ्यावेच लागतील? उजेड किती तास मिळतो? हवा बिघडली तर काय करायचं? कपडे, गाडी लावणं, जे सुचेल ते सांगा.

कूमवासी

बेत उन्हाळ्याचा आहे, तारीख तेवढी जानेवारीची टाकलीय.

आधी घड्याळ बघू. २५ जानेवारीच्या आसपास तिथे सूर्य आठ-सव्वाआठला उगवतो आणि पावणेपाचला मावळतो. साडेआठ तास मिळतात. (ख्रिसमसला साडेसातच मिळतात, तेवढे तुम्ही नशीबवान.) पण डोंगराच्या उत्तर-पूर्वेला जे खोल कोनाडे असतात, ज्यांना वेल्शमध्ये कूम म्हणतात, तिथे दुपारी सूर्य लवकर कड्याआड जातो. दिवसा थोडंफार वितळलेलं पाणी तिथे उतरायच्या वेळेलाच पुन्हा गोठायला लागतं. म्हणजे सकाळी नुसता ओला असलेला दगड परतताना काचेसारखा झालेला असतो.

चालायच्या वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने करा: सपाटीला ताशी ५ किमी, वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला १ तास. १८९२ चा नियम आहे आणि तो धडधाकट माणूस न थांबता चालतोय असं धरतो. पेन-अ-पास ते माथा आणि परत, साधारण ११ किमी आणि ७२५ मीटर चढाई. झाले ३ तास २५ मिनिटं. हिवाळ्यात त्यात निम्मी भर घाला, पाच तास. सहा जण म्हटल्यावर कोणाची नाडी सुटते, कोणाला आडोशाला जायचं असतं, कोणाचा हातमोजा सॅकच्या तळाशी असतो. तासाला दहा मिनिटं त्यातच जातात. एकूण सहा तास. नऊला निघालात तर तीनला खाली, हाताशी पावणेदोन तास शिल्लक. एक घोटा मुरगळला की ते संपले.

पण खरी अडचण वेळेची नाही, वाटेची आहे. पिग आणि मायनर्स या दोन्ही वाटा माथ्याखाली एकत्र येतात आणि नागमोडी वळणं घेत बुल्ख ग्लास या खिंडीत चढतात. हा उतार ईशान्येला तोंड करून आहे. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा असतो, तो बर्फ उडवून नेमका याच बाजूला आणून भरतो. वळणं बुजतात, दगडी पायऱ्या दिसेनाशा होतात आणि उरते एकसलग, कडक बर्फाची उतरण. क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स वापरता येत नसेल तर तिथे जाऊ नये. खाली तळ्याकाठी गवत हिरवं असलं तरी वर हे असू शकतं, म्हणून पार्किंगमधून बघून अंदाज बांधता येत नाही.

त्याच वाटेवर आणखी एक फसवी जागा आहे. सुरुवातीला बुल्ख-अ-मोख या खिंडीत उजवीकडे जाणारी ठळक वाट क्रीब गोखला जाते. ती सुरीच्या पात्यासारखी धार आहे, हिवाळ्यात निव्वळ गिर्यारोहकांची. धुक्यात पुढच्याच्या पाठीकडे बघत चालणारे लोक तिकडे वळतात. फाट्यावर थांबून नकाशा काढायचा, मग पाऊल टाकायचं.

आता गाडीचं. ब्रेकन ते बेटस-अ-कोइड म्हणजे ए४७० रस्ता, अंधारात, वळणावळणाचा. साडेतीन तास धरा. वस्तीतून जाताना बहुतेक ठिकाणी ताशी २० मैलांची मर्यादा आहे, सप्टेंबर २०२३ पासून. डोंगर उतरून आलेला, ओल्या मोज्यांतला ड्रायव्हर हे करणार. रविवारी त्याहून लांबचा पल्ला उलटा. कार्डिफलाच जायचं-यायचं असेल तर दक्षिणेतच राहा. ब्रेकन किंवा ॲबरगव्हेनीला तीन रात्री, आणि तीन दिवसांचे तीन पर्याय खिशात: पेन-अ-वान (तुमचं पेन वाय फॅन), अस्त्राडवेल्टेजवळची चार धबधब्यांची वाट, आणि ॲबरगव्हेनीजवळची शुगर लोफ (५९६ मी.) किंवा स्किरिड (४८६ मी.). कोणत्या दिवशी काय, ते गुरुवारी रात्री अंदाज बघून ठरवा. सगळ्यात शांत वाऱ्याचा दिवस पेन-अ-वानला द्या.

खिळे_आणि_साखळी

मायक्रोस्पाइक्सचं नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्यांच्याबद्दलच आहेत.

रबराचा पट्टा बुटावर ताणून बसवायचा, त्याला साखळीने जोडलेले सेंटिमीटरभर लांबीचे खिळे. सपाट किंवा मंद चढाच्या वाटेवर गोठलेलं पाणी, तुडवून कडक झालेला बर्फ, जंगलातला बर्फाळ रस्ता, यासाठी उत्तम. चढताना-उतरताना पाऊल सरळ रेषेत पडतं तोवर ते धरून ठेवतात. उतार आडवा कापायला लागलात की बुटाचं वजन एका कडेवर येतं, रबर ताणलं जातं आणि अख्खी साखळी बुटाखालून बाजूला सरकते. तुम्हाला वाटतं खिळ्यांवर उभे आहात, प्रत्यक्षात तुम्ही रबरावर उभे असता. दुसरं, भुसभुशीत ओल्या बर्फात खिळ्यांमध्ये बर्फाचा गोळा बसतो आणि टाच चेंडूवर ठेवल्यासारखी होते. दर दहा-वीस पावलांनी काठीने बूट ठोकून तो पाडावा लागतो.

क्रॅम्पॉनचे दात अडीच-तीन सेंटिमीटर आणि चौकट ताठ असते. पण ते कुठल्याही बुटाला बसत नाहीत. हिवाळी बुटांना बी१, बी२, बी३ आणि क्रॅम्पॉनना सी१, सी२, सी३ अशी वर्गवारी आहे. डोंगरावर चालण्यासाठी बी१ बूट आणि पट्ट्यांनी बांधायचे सी१ क्रॅम्पॉन ही किमान जोडी. नेहमीचा मऊ तळव्याचा ट्रेकिंग बूट मधोमध वाकतो, त्यामुळे क्रॅम्पॉन ऐन उतारावर निघून येतो, नाहीतर मधली पट्टी वाकून वाकून तुटते. दुकानात बूट घालून क्रॅम्पॉन बसवा, पट्टे न आवळता बूट उचलून हलवा. खाली पडला तर जोडी जमलेली नाही.

आणि क्रॅम्पॉन घेतला म्हणजे आइस ॲक्स आलाच. कडक बर्फाच्या उतारावर पाय घसरला तर वॉटरप्रूफ पँटचं गुळगुळीत कापड घसरगुंडीसारखं काम करतं, दोन-तीन सेकंदांत इतका वेग येतो की हातापायांनी थांबता येत नाही. ॲक्सने थांबायचं कसं हे अंगवळणी पडावं लागतं. त्याचा सराव खाली सपाट होत जाणाऱ्या, दगड नसलेल्या उतारावर, हेल्मेट घालून आणि क्रॅम्पॉन काढून करतात. क्रॅम्पॉन घालून केला तर दात बर्फात अडकून घोटा मोडतो. वेल्समध्ये यासाठी बर्फ हमखास मिळेल असं नसतं, म्हणूनच असे वर्ग बरेचसे स्कॉटलंडमध्ये होतात. तीन दिवसांच्या सहलीत हे शिकून लगेच वापरायचं मनात आणू नका.

तुमच्यासाठी: सहा जोड मायक्रोस्पाइक्स, क्रॅम्पॉन शून्य, आणि एक कसोटी. कडक बर्फ लागला की बुटाच्या टोकाने लाथ मारा. दोन-तीन लाथांत अर्धा बूट मावेल एवढी पायरी झाली तर मंद उतारावर पुढे जायला हरकत नाही. नुसता पांढरा ओरखडा उठला आणि उतार असा असेल की खाली ठेवलेली बाटली घरंगळेल, तर मागे फिरा.

उत्तरकडा

पेन-अ-वानबद्दल थोडं. आधी नाव: वेल्शमध्ये एकेरी एफचा उच्चार व होतो, फ साठी दोन एफ लागतात. म्हणून फॅन नाही, वान. शेजारचं कॉर्न डू हे कॉर्न डी. दुहेरी डी म्हणजे मऊ द, डब्ल्यू म्हणजे बहुधा उ. एवढं कळलं तरी रस्ता विचारता येतो. उद्यानांनी २०२२-२३ पासून वेल्श नावंच पुढे आणली आहेत, म्हणून स्नोडन शोधताना अर विद्वा, स्नोडोनिया म्हणजे एररी आणि ब्रेकन बीकन्स म्हणजे बन्नाय ब्रखैन्योग हे ध्यानात ठेवा.

८८६ मीटरचा हा दक्षिण वेल्समधला सगळ्यात उंच माथा. पॉन्ट-अर-दावच्या पार्किंगपासून वर आणि परत मिळून साडेसहा किमीच्या आसपास, ४५० मीटर चढाई. दगड लावून बांधलेली, मळलेली वाट. लोक तिला हमरस्ता म्हणतात आणि उन्हाळ्यात ते खरंच आहे. हिवाळ्यात तीन गोष्टी बदलतात.

पार्किंगच ४४० मीटरवर आहे. त्यामुळे गोठणपातळी, म्हणजे जिच्या वर तापमान शून्याखाली जातं ती उंची, ४०० मीटर असेल तर गाडीचं दार उघडलं की बर्फ सुरू. फरसबंद वाटेवरून झिरपणारं पाणी पायऱ्यांवर पसरून गोठतं, तेव्हा वाट सोडून कडेच्या गवतावरून चालावंसं वाटतं. तसं करू नका, तिथली माती आधीच धुपलेली आहे आणि गवत ओलं असेल तर दगडापेक्षा निसरडं असतं. स्पाइक्स घाला आणि वाटेवरच राहा. ते घालायचे पाय घसरायच्या आधी, सपाट जागा बघून. उतारावर एका पायावर उभं राहून रबर ओढणारे सहा जण हे दृश्य टाळता येण्यासारखं आहे.

दुसरं, वर बुल्ख दुविंट नावाची खिंड लागते. नावातच वारा आहे. तोवर डोंगराच्या आडोशाने आलेले असता, तिथे एकदम तोंडावर बसतो. खिंडीच्या पन्नास मीटर खालीच थांबून जाकीट, टोपी, जाड हातमोजे चढवून घ्या. खिंडीत उभं राहून सॅक उघडली की कोणाचं तरी काहीतरी उडतंच.

तिसरं आणि महत्त्वाचं: माथा टेबलासारखा सपाट आहे आणि उत्तरेची बाजू सरळ तुटलेली. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने त्या कडेवर बर्फाचं छज्जं तयार होतं, खाली आधार नसलेलं. वरून बघताना ती जमीनच वाटते. छज्जं तुटतं तेही दिसत्या कडेला नाही, आतल्या बाजूला. ढगात पांढरी जमीन आणि पांढरं आकाश एक झालं की कडा कुठे संपतो ते कळतच नाही. फोटोसाठी सुद्धा कडेपासून दहा पावलं आत.

परतताना धुक्यात चुकीच्या सोंडेवर उतरणं ही नेहमीची चूक. माथ्यावरून कॉर्न डीकडे जायचं तर दिशा पश्चिम-नैर्ऋत्य, २४० ते २५० अंशांच्या मध्ये. नकाशावर स्वतः मोजून कंपासवर आधीच लावून ठेवा. अंतर अर्धा किमी, म्हणजे हिवाळी चालीने दहा मिनिटं. पंधरा मिनिटं झाली आणि जमीन उतरतच चाललीय तर चुकलात, परत फिरा. कॉर्न डीच्या पुढे एक दगडी स्मारकस्तंभ दिसला तरी चुकलात असं समजा. तो टॉमी जोन्स या पाच वर्षांच्या मुलाचा, १९०० साली डोंगरात वाट चुकून गेला. पॉन्ट-अर-दावच्या वाटेवर तो लागत नाही.

कंपास आणि फोन एकाच खिशात ठेवू नका. फोनमधल्या चुंबकाने सुई बिघडते, कधी कधी पार उलटी होते.

ओले_हातमोजे

कपड्यांबद्दल. वेल्समध्ये उणे वीसची थंडी नसते, शून्याच्या आसपासचा पाऊस असतो आणि तो जास्त वाईट. कोरड्या थंडीत जाड जाकीट घातलं की काम भागतं, इथे तेच जाकीट भिजून लोळागोळा होतं.

हवेचं तापमान दर १५० मीटरला साधारण एक अंशाने उतरतं. कार्डिफला ६ अंश असेल तर पेन-अ-वानवर शून्य. त्यात ताशी ५० किमी वारा असला की अंगाला उणे ८ लागतं.

आत मेरिनो किंवा पॉलिएस्टर, त्यावर पातळ फ्लीस, बाहेर वॉटरप्रूफ. सुती काही नको, जीन्स तर अजिबात नको, आतली कापडंसुद्धा सुती नकोत. वॉटरप्रूफ पँटला बाजूने लांब चेन हवी, बूट न काढता चढवता येईल अशी. शिवाय सॅकमध्ये एक सैलसर सिंथेटिक भरणीचं जाकीट, सगळ्यावरून घालता येईल असं, फक्त थांबल्यावर घालायला. पिसांचं नको, ओलं झालं की त्याची ऊब जाते. निघताना गाडीपाशी जरा थंडी वाजली पाहिजे. तिथेच उबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घामाने आतून भिजाल, आणि तो घाम खिंडीत तुम्हाला गाठतो.

हातमोजे माणशी तीन जोड: पातळ, वॉटरप्रूफ, आणि एक जाड बिनबोटांचा जोड, म्हणजे सगळी बोटं एकत्र राहणारा. ओला झालेला जोड सॅकमध्ये टाकू नका, गोठून लाकूड होतो. जाकिटाच्या आत, पोटाशी ठेवा.

पाण्याच्या पिशवीची नळी वाऱ्यात गोठते. बाटली घ्या आणि सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे बुडाशी धरेल आणि झाकण मोकळं राहील. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ओता, मग चहा भरा. दुपारी दोन वाजता फरक कळतो.

राहायची जागा ठरवताना एकच प्रश्न विचारा: बूट-कपडे वाळवायची खोली आहे का? नसेल तर दुसऱ्या दिवशी सहा जण ओल्या बुटांत पाय घालतील. बूट हीटरला टेकवून ठेवू नका, तळव्याचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबा आणि झोपण्यापूर्वी एकदा बदला.

पायवाट६

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांत उत्तर-दक्षिण करायचा बेत रद्द. पण सहातले चौघं एररीसाठी अडून बसलेत, तेव्हा कदाचित तिन्ही दिवस उत्तरेलाच राहू आणि गाडी कार्डिफऐवजी बँगरजवळ घेऊ. बर्फाचा सराव नसताना तिथे काय करता येईल? आणि मागे फिरायचं हे ठरवायचं कसं? सहा जणांत दोघांना नेहमी पुढेच जायचं असतं.

कूमवासी

उत्तरेत राहायचं तर हे चालेल.

लानबेरिसहून अर विद्वाची सगळ्यात लांब पण सौम्य वाट जाते, वर-खाली १४.५ किमी, ९७५ मीटर. माथ्याचं नाव काढायचं नाही. माथ्यापर्यंत जाणाऱ्या डोंगरी रेल्वेच्या क्लॉग्विन स्टेशनच्या आसपास, साधारण ७८० मीटरपर्यंत जायचं आणि परत. त्याच्या वर वाट रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे जाते आणि एका फुगीर उतारावरून चढते. उन्हाळ्यात तिथे काहीच वाटत नाही. हिवाळ्यात वाट बर्फाखाली गेली की तो उतार घुमटासारखा होतो: उभे असता तिथे मंद, खाली तीव्र, आणि त्याच्याखाली क्लॉग्विन कोखचा कडा. घसरलेला माणूस आधी हळू सरकतो, मग दिसेनासा होतो. सगळ्यात सोपी म्हणून निवडलेल्या वाटेवर जीव गेलेत ते इथेच. बर्फ कडक असेल तर पूल हीच तुमची हद्द. रेल्वे आणि माथ्यावरचं उपाहारगृह हाफोड एररी हिवाळ्यात बंद असतं, तिथे शिरून गरम होऊ हा विचार मनातून काढा.

लिन इदवाल उत्तम. ऑग्वेनच्या पार्किंगपासून तळ्याला वळसा घालून परत, पाच किमीच्या आतबाहेर. तळं ३७० मीटरवर आहे. कूम इदवाल हे वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र, १९५४ चं, आणि हिमनदीने कोरलेली दरी कशी असते ते बघायला याहून चांगली जागा नाही. वळसा काठाकाठाचाच घ्या. तळ्याच्या मागून टुल डी या घळीकडे चढणारी दगडी वाट टाळा, तिथे वरून टपकणारं पाणी गोठून मोठमोठे सुळे लटकतात आणि ऊन पडलं की तुटून येतात.

तिसऱ्या दिवसासाठी समुद्राकाठचा कॉन्वी माउंटन, २४४ मीटरच. वर बर्फाचं वादळ असताना इथे नुसता वारा असतो.

वारा_किती

मागे फिरायचं कसं ठरवायचं, तर डोंगरावर नाही ठरवायचं, आदल्या रात्री ठरवायचं आणि कागदावर लिहायचं. वर पोचल्यावर थकलेल्या, हट्टी सहा डोक्यांत एकमत होत नाही.

अंदाज बघताना फोनवरचं शहराचं हवामान उपयोगाचं नाही. मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा, डोंगराळ भागांसाठी वेगळा अंदाज असतो, आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचाही, एररी आणि ब्रेकन दोन्हीकडचा. त्यात चार ओळी वाचा: माथ्यावरचा वारा आणि झोत, गोठणपातळी, माथा ढगाबाहेर असण्याची शक्यता, पावसाची वेळ. हिवाळ्यात एररी उद्यानाचे वॉर्डन अर विद्वाच्या वरच्या भागात जमिनीची अवस्था काय आहे तेही कळवतात. त्यात क्रॅम्पॉन-ॲक्स लागेल असं म्हटलं असेल तर तुमच्यापुरता विषय संपला.

वाऱ्याचे आकडे: ताशी ३० मैलांपर्यंत चालता येतं, पण बोलणं ऐकू येत नाही. ४० ला पाऊल टाकायच्या जागी पडत नाही. ५० च्या झोताला माणूस आडवा होतो. नवख्या गटाने माथ्यावर ३५ च्या पुढचा अंदाज असेल तर खालची वाट धरावी.

गोठणपातळी वरखाली कशी झाली हे त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. सगळ्यात वाईट क्रम: संध्याकाळपर्यंत पाऊस, मग आभाळ स्वच्छ, रात्री थंडी. सकाळी निळंभोर आकाश, सगळे खूश, आणि प्रत्येक दगडावर पारदर्शक बर्फाचा पातळ पापुद्रा, जो दिसत नाही. त्यात मायक्रोस्पाइक्सचे खिळेही धड रुतत नाहीत, खाली दगडच असतो. अशा दिवशी अकरापर्यंत जंगलातल्या वाटेवर रमा. उलट, उच्च दाबाची शांत थंडी पडली आणि दऱ्यांत धुकं कोंडलं तर तो वर जायचाच दिवस. तसा दिवस पुन्हा मिळत नाही: ५०० मीटरच्या वर ऊन आणि पायाखाली ढगांचा समुद्र.

कागदावर लिहायच्या अटी: १) एक वाजता जिथे असू तिथून परत, माथा पाच मिनिटांवर असला तरी. २) लाथेच्या कसोटीत पायरी पडली नाही तर परत. ३) कोणाही एकाने परत म्हटलं तर सगळे परत, कारण विचारायचं नाही. त्या दोघांना पुढे जायचं असतं ना, त्यांना सगळ्यात शेवटी ठेवा आणि सगळ्यात मंद चालणाऱ्याला दुसऱ्या नंबरला. गट तोडायचा नाही.

थंडी बाधलेला माणूस स्वतःहून सांगत नाही. तो गप्प होतो, ठेचकाळतो, चिडतो, चेन लावता येत नाही. शरीर थरथरतंय तोवर वेळ हातात आहे. सॅकवर बसवा, म्हणजे जमिनीची थंडी लागणार नाही, कोरडं घाला, गोड गरम पाजा. दारू नाही, हातपाय चोळणं नाही. सहा जणांत एक ग्रुप शेल्टर हवाच: बिनखांबाची नायलॉनची मोठी पिशवी, सगळ्यांनी डोक्यावरून घेऊन आत बसायचं. दोन मिनिटांत आत ऊब येते. जेवणासाठीही तीच काढा, म्हणजे अडचणीच्या वेळी घड्या शोधाव्या लागत नाहीत.

मदत लागली तर ९९९ किंवा ११२, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू म्हणा. ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा, तयार ठेवा. रेंज अर्धवट असेल तर एसएमएस जातो, पण त्यासाठी आधीच ९९९ ला इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा मेसेज पाठवून नोंदणी करावी लागते. आजच करा. शिट्टी किंवा टॉर्चचे सहा इशारे मिनिटभरात, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर तीनचं येतं. पथकातली माणसं स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत.

हेडटॉर्च माणशी एक, आणि बॅटऱ्या नव्या. नकाशा कागदी, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा, १:२५,०००: एररीला ओएल१७, पेन-अ-वानला ओएल१२. फोन अंगालगतच्या खिशात, थंडीत चाळीस टक्के बॅटरीवरचाही अचानक बंद पडतो.

लव्हाळी

राहिलेलं किरकोळ.

गाडी: ऑग्वेन आणि पेन-अ-पासला रस्त्याच्या कडेला कुठेही लावू नका, उचलून नेतात. पेन-अ-पासच्या पार्किंगला आगाऊ बुकिंग लागतं का ते त्या तारखेपुरतं बघून घ्या. बँगर ते बेटस-अ-कोइड मार्गावर ऑग्वेनवरून टी१० बस आहे. दक्षिणेत कार्डिफहून मर्थरमार्गे टी४ पेन-अ-वानच्या पायथ्याशी स्टोरी आर्म्सला थांबते. रविवारचं वेळापत्रक वेगळं आणि तोकडं.

दलदल: वाट सोडावी लागली तर रंग बघून चाला. फिकट पिवळं वाळकं गवत बऱ्यापैकी घट्ट. गडद लव्हाळ्याचे झुबके म्हणजे ओल, पण झुबक्याच्या बुडाशी पाय टाकला तर तरतो. भडक हिरवं, गादीसारखं शेवाळ दिसलं तर लांबून जा. वर पातळ बर्फ धरलेला असला तर सगळ्यात फसवं तेच, गुडघाभर आत जातं आणि गार पाण्याने भरलेला बूट दिवसभर सुकत नाही.

फाटकं जशी सापडली तशी ठेवा, उघडी असेल तर उघडी. दगडांच्या कोरड्या भिंतींवर चढू नका, एक दगड निखळला की वीतभर भिंत बसते. ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्यांवर सकाळी दव गोठलेलं असतं, तेव्हा तोंड भिंतीकडे करून, शिडी उतरतात तसं उतरा. मेंढ्या या दिवसांत गाभण असतात, त्यांना पळवू नका.

पायवाट६

शेवटचं एक. चौघांचं मन वळलं आणि दक्षिणेतच राहिलो तर चार धबधब्यांची वाट पावसाळी दिवसासाठी ठेवावी, असं कोणी म्हणालं होतं का?

कूमवासी

मी तरी तसं म्हणालो नव्हतो. ती वाऱ्याच्या दिवसासाठी ठेवा, पावसाच्या नाही. वाट झाडीतून आणि दरीतून जाते, म्हणून वारा लागत नाही. पाऊस मात्र वरच्या सगळ्या पठारावरून गोळा होऊन त्याच नद्यांत येतो आणि पाणी तासा-दोन तासांत चढतं. त्यातल्या स्गूड अर एइरा धबधब्याच्या पाण्यामागून जाणारी कपार तेव्हा धोक्याची. आदल्या रात्री जोरदार पाऊस झाला असेल तर तो धबधबा समोरूनच बघा. कडाक्याची थंडी असेल तर तीच कपार तुषारांनी बर्फाळ होते. तिथे सहाही जणांनी स्पाइक्स घालून, एकेकाने, हाताने खडक धरून जायचं, आणि पलीकडे पोचलेल्याने आवाज दिला तरी पाण्याच्या गर्जनेत तो ऐकू येत नाही, म्हणून हाताची खूण आधीच ठरवून ठेवा.